पायाची नाडी

हृदयाच्या डॉक्टरांकडे गेलात तर पायातले मोजेही काढा. छाती तपासून झाली की त्यांना म्हणा, "डॉक्टर, पायाची नाडी एकदा बघा." पायालाही नाडी असते हेच आपल्याकडे पुष्कळांना माहीत नसतं. मनगटावर लागते तशीच ती पावलाच्या वरच्या बाजूला, मधोमध, आणि आतल्या घोट्याच्या मागे अशी दोन जागी लागते. बघायला मिनिटभर पुरतं. यंत्र लागत नाही, दोन बोटं लागतात. आमच्या अण्णांच्या, म्हणजे माझ्या थोरल्या बंधूंच्या पायाची नाडी दोन वर्षं कुणी बघितली नाही. त्या दोन वर्षांत काय झालं ते सांगतो, कारण आमच्या भागात अण्णांसारखी माणसं घरटी एक आहेत.

अण्णांची शेती सांगवीत, नीरेच्या काठाला. सगळा ऊस. बिडी तरुणपणापासूनची, शुगर बऱ्याच वर्षांची. तरी अंगात रग होती. तुकोबांची पालखी बारामतीहून निघाली की सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी करत इंदापूरपर्यंत ते दरवर्षी पायी जायचे. एका वारीत ते दिंडीच्या मागे पडायला लागले. थोडं चाललं की उजव्या पोटरीत गोळा यायचा. उभं राहिलं की दोन-तीन मिनिटांत जायचा. पुन्हा तेवढंच चाललं की पुन्हा यायचा. अंथुर्ण्याच्या पुढे त्यांनी टेम्पो धरला. अण्णांनी वारीत टेम्पो धरला ही घरात मोठी बातमी होती.

मग सुरू झाला मणका. "मणक्यात गॅप आहे, शीर दबलीय," असं एका ठिकाणी सांगितलं. कमरेला पट्टा आला, सुया झाल्या, पोटरीला तेल चोळणारे झाले. एमआरआयमध्ये मणक्याची झीज दिसली. साठीच्या पुढच्या, जन्मभर पाठीवर ओझी वाहिलेल्या माणसाच्या मणक्यात झीज दिसणारच. पण ती दिसली म्हणून पोटरीचं दुखणं तिथूनच येतं असं होत नाही. दोन्हींतला फरक रुग्णाच्या बोलण्यातूनच कळतो. रक्तवाहिनी अरुंद झाली असेल तर दुखणं ठरावीक अंतर चालल्यावर येतं आणि नुसतं उभं राहिलं तरी थांबतं. मणक्यामुळे शीर दबली असेल तर नुसतं उभं राहून सहसा बरं वाटत नाही, बसावं लागतं किंवा पुढे वाकावं लागतं. असे लोक सायकल मजेत चालवतात, कारण सायकलवर माणूस वाकलेला असतो. अण्णा बांधावर उभे राहिले तरी मोकळे व्हायचे. हे त्यांनी प्रत्येक ठिकाणी सांगितलं होतं.

रक्तवाहिन्यांचं गणित समजायला आम्हा ठिबकवाल्यांना जड जाऊ नये. नळीत क्षार साठले की पहिल्यांदा शेवटची रोपं सुकतात, आणि तीही उन्हाचा कडाका वाढला की. बसलेल्या माणसाच्या पोटरीला थोडं रक्त पुरतं. चालताना कित्येक पट लागतं, ते अरुंद वाहिनीतून येत नाही आणि पोटरी ओरडते. पुढे अडथळा वाढला की बसल्या जागीही पुरत नाही. अण्णांचं तसंच झालं. रात्री पाऊल ठणकायचं, आणि पाय खाटेखाली लोंबता सोडला की बरं वाटायचं. म्हणून ते खुर्चीत बसून झोपायला लागले. घरात कुणी असं पाय लोंबता सोडून झोपायला लागलं असेल तर तपासणी उद्यावर टाकू नका. ही पाय जाण्याच्या आधीची पायरी आहे.

त्यात रात्रीची दारं धरायला गेले असताना गमबूट घासला आणि करंगळीजवळ फोड आला. शुगरमुळे पावलाची जाणीव बोथट झालेली, त्यामुळे फोड दुखला नाही. जखम भरेना. पाय गार पडतो म्हणून कुणीतरी गरम पाण्यात मीठ घालून शेकायला सांगितलं. ज्या पायाला गरम कळत नाही तो पाय गरम पाण्यात घालणं फार धोक्याचं आहे. कातडी भाजली, करंगळी काळी पडली. शुगर असलेल्या माणसाच्या पायाला शेक, गरम विटेचा चटका, कुरूप काढायला ब्लेड, यांतलं काहीही करू नका. गमबूट घालण्याआधी उलटा करून झटका, आत हात फिरवा आणि खाली सुती मोजा घाला.

बारामतीत शेवटी एका तरुण डॉक्टरांनी दोन्ही पावलांवर बोटं ठेवली. उजवीकडे त्यांना काही लागलं नाही. मग त्यांनी एबीआय ही तपासणी केली. दंडाचं बीपी घेतात तसं घोट्याचंही बीपी घेतात, कानाने ऐकण्याऐवजी हातातल्या छोट्या डॉपलर यंत्राने, आणि घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागतात. उत्तर 1 ते 1.4 आलं तर ठीक. 0.9 किंवा त्याखाली आलं तर पायाच्या वाहिनीत अडथळा आहे. अण्णांचं दंडाला 150 आणि उजव्या घोट्याला 60, म्हणजे 0.4. एक बारकावा मात्र लक्षात ठेवा. जुनी शुगर असलेल्यांच्या वाहिन्या कॅल्शियम साठून कडक होतात, कफने दाबल्या जात नाहीत, आणि आकडा खोटाच चांगला किंवा 1.4 च्या वर येतो. अशांच्या पायाच्या अंगठ्याचं प्रेशर बघावं लागतं किंवा रंगीत डॉपलर सोनोग्राफी करावी लागते. उलट, पावलावरची एक नाडी लागली नाही म्हणून लगेच घाबरायचंही कारण नाही. काही निरोगी माणसांतही ती लागत नाही.

डॉक्टरांनी नंतर छातीचा ईसीजी काढायला सांगितला तेव्हा अण्णा म्हणाले, "डॉक्टर, दुखतोय पाय अन् छातीचा कागद कशाला?" त्या कागदावर जुन्या हार्ट अटॅकची खूण होती. अण्णांच्या छातीत कधी कळ आलेली आम्हाला कुणालाच आठवेना. शुगर असलेल्यांत असा न दुखता येणारा झटका पुष्कळदा असतो. मधे एकदा तोडणी चालू असताना त्यांना दम लागून घाम आला होता, तेव्हा उन्हावर भागलं होतं. टूडी एकोत हृदयाचं पंपिंग 40 टक्के आलं. साधारण 55 च्या पुढे असायला हवं. डॉक्टर म्हणाले, वाहिन्या सगळ्या अंगभर एकच आहेत. ज्याच्या पायाच्या वाहिन्या अरुंद झाल्या त्याच्या हृदयाच्या आणि मेंदूकडे जाणाऱ्या मानेतल्या वाहिन्याही तपासायच्या, कारण अशा माणसाचा जीव पायापेक्षा हार्ट अटॅकने आणि लकव्याने जास्त जातो. एकोचा लगेच उपयोगही झाला. पोटरीचं दुखणं कमी करायला सिलोस्टाझोल नावाची गोळी देतात, ती हृदयाचं पंपिंग कमी असलेल्यांना चालत नाही. नुसता पाय बघून गोळी दिली असती तर ती अण्णांना बाधली असती.

तपासण्यांबद्दल लोकांचे घोळ फार आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. ईसीजी हा त्या क्षणाचा कागद. आराम करताना काढलेला कागद स्वच्छ आला म्हणजे हृदयाच्या वाहिन्या मोकळ्या आहेत असं ठरत नाही. टूडी एकोत स्नायूंची हालचाल आणि झडपा दिसतात, वाहिनीतला अडथळा दिसत नाही. पट्ट्यावर चालवायची टीएमटी कळ थांबलेली असताना आणि डॉक्टर समोर असताना करायची. छातीत दुखत असताना पट्ट्यावर चढायचं नाही. अँजिओग्राफीत वाहिनीत औषध सोडून अडथळा प्रत्यक्ष बघतात, बहुतेक वेळा मनगटातून. त्या औषधाचा भार किडनीवर पडतो, म्हणून आधी क्रिएटिनिन बघितलंय का ते विचारा. मेटफॉर्मिन चालू असेल तर ती गोळी थांबवायची का आणि पुन्हा कधी सुरू करायची, तेही विचारून लिहून घ्या.

अण्णांच्या हृदयाच्या एका वाहिनीत स्टेंट बसला, पायाची वाहिनी फुग्याने मोकळी केली, करंगळी काढावी लागली, पाय वाचला. वाहिनी आतून उघडायची ही रीत हृदयावर जन्मली असं मला वाटत होतं. वाचल्यावर कळलं की ती पायावर जन्मली. 16 जानेवारी 1964 ला अमेरिकेत पोर्टलंडला डॉ. चार्ल्स डॉटर यांनी 82 वर्षांच्या एका बाईंची पायाची वाहिनी अशी उघडली. बोटं काळी पडली होती, पाय कापायला बाई नाही म्हणत होत्या. त्या पुढे स्वतःच्या पायांवर चालल्या. हृदयावरची पहिली फुग्याची अँजिओप्लास्टी आंद्रेयास ग्रुंट्सिग यांनी झुरिचमध्ये सप्टेंबर 1977 मध्ये केली, म्हणजे त्यानंतर 13 वर्षांनी. आमच्याकडे मात्र आजही काळं बोट दिसलं की सगळ्यात आधी कुठून कापायचं याचीच चर्चा सुरू होते. काही पाय खरंच वाचत नाहीत. पण कापायचा निर्णय होण्याआधी पायाच्या वाहिन्यांचा डॉपलर किंवा अँजिओग्राफी झाली आहे का, आणि रक्तवाहिन्यांच्या सर्जनांनी बघितलं आहे का, हे दोन प्रश्न नातेवाइकांनी विचारायलाच हवेत. रक्त पोचत नसलेल्या पायाचं नुसतं बोट कापलं तर ती जखमही भरत नाही आणि पुढचं कापावं लागतं.

पैशाचंही स्पष्ट लिहितो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. दाखल होताना पहिल्यांदा त्याच्याकडे जा, रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा, अडलं तर 155388 ला फोन करा. पायाची आणि हृदयाची अशी दोन्ही कामं असतील तर कोणतं काम योजनेत बसतंय आणि कोणतं नाही, हे आधी विचारून घ्या. हृदयाच्या स्टेंटच्या किमतीवर केंद्राने फेब्रुवारी 2017 पासून कमाल मर्यादा घातली आहे. औषध लावलेल्या स्टेंटची तेव्हाची मर्यादा 29,600 रुपये होती, पुढे ती वेळोवेळी बदलत गेली. बिलात स्टेंटची किंमत, कंपनी आणि बॅच नंबर वेगळे दाखवावे लागतात. बॉक्सवरचं स्टिकर फाइलला लावून घ्या. ते पैशासाठी लागतंच, पण पुढच्या डॉक्टरांना आत काय बसवलंय हे कळण्यासाठी जास्त लागतं.

घरी आल्यावर खरी कसोटी गोळ्यांची असते. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या एकत्र किती महिने घ्यायच्या हे डॉक्टर ठरवतात, हार्ट अटॅकनंतर साधारणपणे वर्षभर. आमच्याच वाडीतल्या एकाने दाढ काढायची म्हणून त्या मनानेच बंद केल्या आणि आठवड्याच्या आत स्टेंट बंद पडून तो पुन्हा अतिदक्षता विभागात गेला. दात काढणं, मोतीबिंदू, कसलीही शस्त्रक्रिया असो, गोळी बंद करायची की नाही हे हृदयाच्या डॉक्टरांनाच विचारा. कोलेस्टेरॉलची स्टॅटिनची गोळीही रिपोर्ट चांगला आला म्हणून सोडायची नसते. बिडी मात्र पूर्ण सोडावी लागते. तिशी-पस्तिशीतल्या, शुगर नसलेल्या पोरांचीही बोटं काळी पडतात, त्या बर्गरच्या आजाराला तंबाखू सोडण्याइतकं मोठं औषध नाही. चालणं बंद करू नका, उलट वाढवा. जखम भरल्यावर अण्णांना सांगितलं होतं की दुखेपर्यंत चाला, थांबा, गेलं की पुन्हा चाला, असं अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून निदान तीनदा. ते कालव्याच्या कडेने चालतात. या वर्षी सणसरपर्यंत पालखीबरोबर गेले आणि तिथून स्वतःच्या समजुतीने परत फिरले.

छातीचं मात्र थांबून बघायचं नसतं. छातीच्या मधोमध दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, नुसता दम आणि गार घाम, शुगर असलेल्याला नुसती मळमळ, यांतलं काही झालं तर "गॅस झालाय" म्हणून ओवा-सोडा देऊन बसू नका. 108 ला फोन करा. सांगवीहून बारामती जवळ आहे. तिथे पोचल्यावर पहिल्या दहा मिनिटांत ईसीजी निघायला हवा. तो ठीक आला आणि त्रास चालूच असला तर थोड्या वेळाने दुसरा काढायला सांगा आणि ट्रोपोनिनची रक्ततपासणीही काही तासांनी पुन्हा करायला सांगा, कारण पहिल्या तासांत ती निगेटिव्ह येऊ शकते. झटका पक्का असेल आणि पुण्यापर्यंत जायला वेळ लागणार असेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन निघण्याआधी द्यायचं का हे विचारा. वेळेत दिलं तर त्याचा मोठा उपयोग होतो.

आणि पाय एकाएकी पांढरा, गार आणि बधिर पडला, बोटं हलेनाशी झाली, तर ती मुंग्या येण्यातली गोष्ट नाही. गुठळीने वाहिनी बंद झालेली असते आणि हातात साधारण सहा तास असतात. चोळू नका, शेकू नका. गाडीत बसण्याआधी रुग्णालयात फोन लावा आणि एवढंच विचारा, "रक्तवाहिन्यांचे सर्जन आत्ता हजर आहेत का?" नाही म्हणाले तर दुसरीकडे लावा, आणि हो म्हणतील तिकडेच गाडी घ्या.