नर्मदेच्या पाण्यातून एक दिवस

आपल्या नंदुरबार जिल्ह्याला समुद्र नाही. बंदर नाही, गलबत नाही. तरी बोटीचा प्रवास आपल्या जिल्ह्यात आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. महाराष्ट्राच्या अगदी उत्तर टोकाला, सातपुड्याच्या पलीकडच्या उतारावर, नर्मदामाय आहे. तिथे होडी हीच बैलगाडी आणि होडी हीच एस. टी.

नर्मदा अमरकंटकाच्या डोंगरात उगम पावते. १३१२ किलोमीटर चालून ती भडोचजवळ समुद्राला मिळते. एवढ्या लांबच्या वाटेत ती महाराष्ट्राला सुमारे ५४ किलोमीटर शिवते. घरात शिरत नाही, नुसती शिवेवरून जाते. हा सगळा काठ आपल्याच अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांचा आहे.

एका हिवाळ्यात आम्ही चौघे या काठाने फिरून आलो. तो दिवस आम्हांला फार आवडीने आठवतो.

धडगावहून घाटाची वळणे उतरत आम्ही भुषा गावच्या काठावर पोचलो. पाण्यावर धुके होते. लाकडी होडीला डिझेलचे इंजिन बसवलेले होते. नावाडी पावरा समाजाचे, वयाने म्हातारे. त्यांनी दोरी ओढली, इंजिन फटफटले, आणि होडी मावळतीकडे निघाली. डावीकडे महाराष्ट्र, उजवीकडे मध्य प्रदेश. पुढे गेल्यावर उजवीकडे गुजरात लागतो. एका होडीत बसून तीन राज्ये दिसतात!

ऊन वर आले तसे धुके विरले. मग काय दिसले म्हणता! दोन्ही बाजूंना डोंगरच डोंगर. कड्यावर बांबू आणि साग. टेकडीच्या माथ्यावर एकेक घर, कुडाच्या भिंतीचे. पाणी इतके शांत की डोंगर उलटा होऊन पाण्यात पडलेला. मधूनच सुकलेल्या झाडांचे शेंडे पाण्यातून वर आलेले. त्यांवर पाणकावळे पंख पसरून ऊन खात बसले होते. खंड्या पक्षी एका झेपेत मासा उचलून गेला. आमच्यातले एक जण म्हणाले, "वा! किती सुंदर जागा आहे."

नावाडीबाबा हसले. म्हणाले, "गुरुजी, आत्ता तुम्ही आमच्या शेतावरून चालला."

आम्ही गप्प झालो. मग बाबाच सांगू लागले. ती सुकलेली झाडे म्हणजे महू आणि साग. त्या महूखाली त्यांच्या आईने फुले वेचली होती. पाण्याखालचे शेंडे कुठे आहेत ते त्यांना पाठ आहे, म्हणून होडी आपटत नाही. नवखा माणूस इथे होडी चालवू शकायचा नाही.

हे कसे झाले ते थोडक्यात सांगतो. खाली गुजरातेत केवडियाजवळ सरदार सरोवर धरण आहे. १९६१ साली पंडित नेहरूंच्या हातून त्याची पायाभरणी झाली. धरणाने अडवलेले पाणी मागे मागे फुगत आले. अशा पाण्याखाली जाणाऱ्या मुलखाला 'बुडीत' म्हणतात. महाराष्ट्रातली ३३ गावे बुडितात आली. १९९३ साली मणिबेलीत पाणी शिरले. सप्टेंबर २०१९ मध्ये धरण पहिल्यांदा काठोकाठ, म्हणजे १३८.६८ मीटरपर्यंत, भरले. या धरणाच्या विजेतला २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा आहे. पुष्कळ कुटुंबे तळोदा तालुक्यात सोमावल, रेवानगर, नर्मदानगर अशा वसाहतींत गेली. काही वर डोंगरावर सरकली आणि तिथेच राहिली. त्यांच्या बाजूने मोठे आंदोलन झाले, ते सर्वांना माहीत आहे.

राहिलेल्यांची जुनी पायवाट बुडाली, म्हणून होडी आली. बाजार होडीने, रेशन होडीने. दवाखानासुद्धा होडीने येतो, त्याला लोक तरंगता दवाखाना म्हणतात. २०२० साली करोनाच्या भीतीने लोक केंद्रावर येईनात, तेव्हा एक अंगणवाडीताई स्वतः वल्हे मारत पाड्यापाड्यांवर गेली. मुलांची वजने केली, गरोदर बायांना खाऊ पोचवला. आमच्या मते तिचे वल्हे कोणत्याही भाषणापेक्षा मोठे आहे.

दुपारी एका पाड्यावर उतरलो. मक्याची भाकर, उडदाची डाळ आणि निखाऱ्यावर भाजलेला मासा मिळाला. शेत गेल्यावर इथल्या कितीतरी घरांनी जाळे हाती घेतले. मासा ताजा होता. इतका गोड मासा आम्ही शहरात खाल्ला नाही, हे खरे सांगतो.

परत निघताना गर्दी झाली. दुसऱ्या दिवशी बाजार होता. कोंबड्या, पोती, पोरेबाळे, सगळे होडीत. होडीच्या कडेला पांढऱ्या रंगाने काहीतरी लिहिले होते. एक बाई वाकून, अक्षराला अक्षर जोडून मोठ्याने वाचू लागली. "मा-ण-से. माणसे पंधरा." मग तिने बोटाने डोकी मोजली. एकोणीस भरली. ती उठून उभी राहिली. "चार जण उतरा. नाही तर मी लेकरू घेऊन उतरते."

एक दादा कुरकुरला, "रोज जातो आम्ही. काय होतंय?"

बाई म्हणाली, "भुषाला काय झालं ते ठाऊक नाही का?"

ठाऊक सर्वांना होते. १५ जानेवारी २०१९ ला, संक्रांतीच्या सणाला, भुषाजवळ माणसांनी भरलेली होडी उलटली. पन्नासहून अधिक माणसे तीत होती. पुष्कळ वाचली, पण काही जणांचे जीव गेले. हे पाणी शांत दिसते, पण फार खोल आहे.

आम्ही दोघे उतरलो. आमच्यामागून तो दादा आणि आणखी एक जण उतरला. बाबांनी फळीखालून हवेची जाकिटे काढली, चारच होती, ती लेकरांना बांधली. होडी गेली आणि तासाभराने आम्हांला न्यायला परत आली. तोवर आम्ही काठावर बसून त्या दादाकडून पावरी बोलीतले पाच-सहा शब्द शिकलो.

अंधारात भुषाला उतरलो. निरोप घेताना बाबा म्हणाले, "उन्हाळ्यात पाणी उतरतं. तेव्हा वरच्या अंगाचा बांध उघडा पडतो. तेव्हा या गुरुजी, शेत दाखवतो."