न बांधलेल्या युद्धनौकांचीं चित्रें

चित्रकलेच्या तासाला मुलें जहाज काढूं लागलीं म्हणजे तें बहुधा शिडाचें तरी असतें, नाहीं तर धूर सोडीत जाणारी आगबोट तरी असते. प्रस्तुत लेखांत आम्ही ज्या जहाजांविषयीं लिहिणार आहों तीं कोणत्याही बंदरांत कधीं कोणीं पाहिलेलीं नाहींत. त्यांचे आराखडे झाले, वजनें मोजलीं गेलीं, कांहींचीं कंत्राटेंही दिलीं गेलीं. परंतु जहाज मात्र पाण्यांत उतरलें नाहीं. अशा नौकांचीं बारीकसारीक तपशिलासह चित्रें काढण्याचा छंद इंग्लंड, अमेरिका, जपान इत्यादि देशांत पुष्कळांस आहे. जें झालेंच नाहीं त्याचें चित्र काढण्यांत काय हांशील, असें आम्हांसही प्रथम वाटलें होतें. पण स्वतः पट्टी-पेन्सिल घेऊन बसल्यावर आमचें मत पालटलें. तें कसें, तें सांगतों.

प्रथम हें ध्यानांत घेतलें पाहिजे कीं, एक युद्धनौका बांधली जाण्यापूर्वीं तिच्या मागें दहा-वीस न बांधलेल्या नौका कागदावर होऊन गेलेल्या असतात. तोफा मोठ्या हव्यात तर वजन वाढतें. वजन वाढलें कीं वेग घटतो. वेग टिकवावयाचा तर यंत्रें मोठीं व नौका लांब करावी लागते. आणि लांब नौका गोदींत मावत नाहीं! ह्या ओढाताणींतून एकामागून एक आराखडे निघतात. अमेरिकेच्या आरमारखात्यानें १९११ पासून १९२५ पर्यंतचे असे प्राथमिक आराखडे एका संग्रहांत जपून ठेवले. तेथील अधिकाऱ्यांनीं त्यास मोठ्या मिस्किलपणें ‘वसंतऋतूच्या नव्या तऱ्हा’ असें नांव दिलें होतें. जणूं कांहीं शिंप्याच्या दुकानांतील कपड्यांचे नमुनेच! इंग्लंडांतही प्रत्येक आराखड्याचे कागद, पत्रव्यवहार व रेखाटनें एकत्र बांधून ठेवण्याची पद्धत होती. तीं बाडें लंडनच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयाकडे आहेत, व चित्रें काढणाऱ्यांचा मुख्य आधार तींच होत.

आम्हीं चित्रासाठीं जी नौका निवडली ती इंग्रजांची ‘जी-३’ नांवाची. हें नांव तरी कसलें? पहिलें महायुद्ध संपल्यावर नव्या नौकांचे आराखडे आंखतांना त्यांस इंग्रजी अक्षरें देण्यांत आलीं. संथ पण भक्कम अशा नौकांसाठीं ‘एल्’पासून पुढें, आणि वेगवान् नौकांसाठीं ‘के’पासून उलट मागें. ‘के, जे, आय, एच्’ असें करीत ‘जी’वर येऊन गाडी थांबली, तीनचा आंकडा एका टरेटमध्यें, म्हणजे फिरत्या बुरुजांत, तीन तोफा असल्याची खूण. लांबी ८५६ फूट, रुंदी १०६ फूट, वजन ४८,००० टनांहून अधिक, मुख्य तोफा १६ इंच व्यासाच्या ९, शिवाय ६ इंचांच्या १६. वेग ताशीं सुमारें ३२ सागरी मैल. दारूकोठारांजवळ बाजूचें चिलखत १४ इंच जाड, आणि त्यांवरील छप्पर ८ इंच. हे आंकडे वाचून विद्यार्थ्यांनीं आपल्या वहीची जाडी मोजूं नये. शाळेच्या भिंतीची मोजावी.

ऑक्टोबर १९२१ मध्यें अशा चार नौकांचीं कंत्राटें दिलीं गेलीं. तीन स्कॉटलंडांतील क्लाइड नदीवरील कारखान्यांस व एक टाइन नदीवरील कारखान्यास. पुढच्याच महिन्यांत वॉशिंग्टन येथें मोठ्या राष्ट्रांची परिषद भरली व काम थांबविण्याचा हुकूम सुटला. ६ फेब्रुवारी १९२२ रोजीं इंग्लंड, अमेरिका, जपान, फ्रान्स व इटली ह्या पांच राष्ट्रांनीं करारावर सह्या केल्या. त्या करारान्वयें कोणतीही नवी युद्धनौका ३५,००० टनांहून भारी व तिची तोफ १६ इंचांहून मोठी नसावी असें ठरलें. त्याच महिन्यांत चारही कंत्राटें रद्द झालीं. त्या नौकांस अधिकृत नांवें देण्याचीही वेळ आली नाहीं. ज्या कारखान्यांत काम यावयाचें होतें तेथील कामगारांस ही तहाची वार्ता गोड लागली असेल असें आम्हांस वाटत नाहीं. परंतु करदात्यांनीं निश्वास टाकला असल्यास नवल नाहीं.

कराराच्या मर्यादेंत इंग्लंडनें पुढें ‘नेल्सन’ व ‘रॉडने’ ह्या दोन नौका बांधल्या. त्या १९२५ मध्यें पाण्यांत उतरल्या. तोफा त्याच नऊ, पण लांबी ७१० फूट व वेग अवघा २३ सागरी मैल. जी-३ ला मागून करवतीनें कापलें असतां जें उरेल तसा त्यांचा आकार. म्हणून खलाशी त्यांस थट्टेनें ‘चेरीच्या झाडाचा वर्ग’ म्हणत. कारण लहानपणीं चेरीचें झाड तोडणाऱ्या वॉशिंग्टनची गोष्ट सर्वांस ठाऊक, आणि ह्या नौकाही वॉशिंग्टननेंच तोडलेल्या!

आतां चित्राकडे वळूं. प्रथम प्रमाण ठरवावें. आम्हीं १ इंचास ५० फूट हें प्रमाण घेतलें. म्हणजे ८५६ फुटांची नौका १७ इंचांहून किंचित् अधिक लांब होते आणि मोठ्या ड्रॉइंग कागदावर सुखानें मावते. रुंदी होते २ इंचांहून थोडी जास्त. एवढ्या लहान प्रमाणांत पेन्सिलीच्या बोथट टोंकाची रेघही फूट-दीड फूट जाड होऊन बसते, हें विसरूं नये. मग तीन दृश्यें काढावयाचीं: बाजूनें, वरून आणि समोरून. तिन्हीं एकमेकांशीं जुळलीं पाहिजेत. बाजूच्या दृश्यांत धुराडें जेथें उभें केलें, तेथेंच वरच्या दृश्यांत त्याचें वर्तुळ आलें पाहिजे. हा नियम ऐकावयास सोपा आहे. परंतु पहिल्या दिवशीं आमचें धुराडें दोन दृश्यांत मिळून वीस फूट चाललें होतें.

सर्वांत मौज आहे ती तोफांची. तोफेच्या नळीची लांबी तिच्या व्यासाच्या ४५ पट होती. म्हणजे १६ गुणिले ४५ बरोबर ७२० इंच, अर्थात् ६० फूट. आमच्या प्रमाणांत सव्वा इंचाला थोडीशी कमी. नळीचा मागचा भाग टरेटच्या पोटांत असतो, म्हणून बाहेर दिसते त्याहून कमी. आतां वरून दिसणाऱ्या चित्रांत टरेटच्या मध्यावर कंपासाचें टोंक ठेवून वर्तुळ फिरवा. जी-३ चे दोन टरेट पुढें आहेत, मग ब्रिजचा उंच मनोरा, त्याच्या पाठीमागें तिसरा टरेट, आणि त्याच्याही मागें धुराडीं व यंत्रें. तिसऱ्या टरेटचें वर्तुळ पुढें मनोऱ्याला आणि मागें धुराड्यांना अडतें. अर्थात् ठीक पाठीमागून शत्रु आला तर ह्या प्रचंड नौकेची एकही मोठी तोफ त्याच्यावर रोखतां येत नाहीं! असें वेडेपण कां केलें? तर तिन्ही टरेट जवळजवळ आणले म्हणजे त्यांखालचीं दारूकोठारें जवळ येतात, आणि जाड चिलखत थोड्याच लांबीवर घालून भागतें. एक सोय मिळविण्यासाठीं दुसरी सोडावी लागली. आम्हीं हें पुस्तकांत पूर्वीं वाचलें होतें. पण समजलें तें कंपास अडला तेव्हां.

येथपर्यंत मूळ आराखड्याचा हात धरून चालतां येतें. पुढें वाट बिकट होते. बांधून पुरी झालेल्या नौकेचे अखेरचे नकाशे गोदींत नव्यानें काढीत, व त्यांत प्रत्येक शिडी, होडी, नांगर व कठडा दाखविलेला असे. जी बांधलीच नाहीं तिचे असले नकाशे असणार कोठून? म्हणून चित्रकारास अनुमानाचा आश्रय करावा लागतो. जी-३ च्या अलीकडे-पलीकडे दोन साक्षीदार उभे आहेत: १९२० मध्यें पुरी झालेली ८६० फुटांची ‘हुड’, आणि नंतरची ‘नेल्सन’. दोहोंत जें सारखें आढळतें तें मधल्या नौकेंतही असावें असें मानण्यास हरकत नाहीं. तोफेच्या स्फोटाचा धक्काही विचारांत घ्यावा लागतो. नेल्सनवर तोफा मागच्या अंगास वळवून डागल्या असतां ब्रिजवरील मंडळींस त्या धक्क्याचा फार त्रास होई. तेव्हां तशा जागीं नाजुक होड्या टांगून ठेवणें शहाणपणाचें नव्हे. शिवाय वर्ष ठरवून घ्यावें. १९२१ च्या आराखड्यावर १९४० सालचें रडार बसविलें कीं तें चित्र न राहतां कादंबरी होते. कादंबरी लिहिण्यास आमची मनाई नाहीं. पण तिला नकाशा म्हणूं नये.

येथें आमची स्वतःची एक चूक सांगणें प्राप्त आहे. मागच्या डोलकाठीची उंची आम्हांस कोठेंच मिळेना. रात्र झाली होती, चित्र दुसऱ्या दिवशीं प्रदर्शनांत लावावयाचें होतें. आम्हीं डोळ्यांस बरी दिसेल तेवढी उंची धरली आणि शाईनें ठणठणीत रेघ ओढली. चित्राची वाहवा झाली. कांहीं महिन्यांनीं एका विद्यार्थ्यानें त्याच नौकेचें अधिक सुबक चित्र काढून आणलें. खालीं प्रामाणिकपणें लिहिलें होतें, ‘आधार: शाळेंतील चित्र’. डोलकाठी तंतोतंत आमचीच! त्याला त्यांत कांहींच दोष नव्हता. आमचा अंदाज त्याच्या कागदावर पुरावा होऊन बसला होता, आणि त्याच्या चित्रावरून कोणीं तिसरें चित्र काढलें असतें तर त्या डोलकाठीला दोन साक्षीदार झाले असते. तेव्हांपासून आम्ही एक नियम पाळतों: कागदपत्रांत जें आहे तें काळ्या शाईनें; अनुमानानें काढलेलें तुटक रेघेनें; आणि ज्यास काहींच आधार नाहीं ती जागा कोरी.

कांहीं पालक म्हणतील, मुलांस तोफा काढावयास लावतां, फुलें कां नाहीं? शंका रास्त आहे. आमचें उत्तर एवढेंच कीं, ज्या ‘हुड’वरून मुलें होड्या व नांगर उतरवून घेतात ती २४ मे १९४१ रोजीं ‘बिस्मार्क’शीं झालेल्या लढाईंत स्फोट होऊन बुडाली. तिजवरील १,४१८ माणसांपैकीं तीन वांचलीं. हा आंकडा आम्ही चित्राच्या शेजारीं लिहावयास लावतों. जी-३ च्या शेजारीं लिहावयास असा आंकडा नाहीं.

ज्यांस विलक्षण आकारांची हौस असेल त्यांनीं अमेरिकेकडे पाहावें. सेनेटर टिलमन ह्यांनीं जास्तींत जास्त मोठी नौका केवढी होईल असें आरमारखात्यास विचारलें, आणि १९१६-१७ च्या सुमारास उत्तरादाखल आराखडे निघाले. त्यांतील सर्वांत मोठे ८०,००० टनांचे. एकांत तर सहा-सहा तोफांचे चार टरेट होते. रुंदी मात्र १०८ फूट, कारण पनामा कालव्याचे दरवाजे ११० फुटांचे! १९१६ च्या आणखी एका आराखड्यांत धुराडीं सात होतीं. पुढें त्या वर्गांतील दोन नौका विमानवाहू करण्यांत आल्या, आणि सात धुराडीं कागदावरच राहिलीं.

नकाशा म्हणजे क्षुल्लक कागद नव्हे हें मुंबईच्या गोदीनें अनुभविलें आहे. वाडिया घराण्यांतील जमशेटजी बमनजी ह्यांच्या देखरेखीखालीं तेथें ‘त्रिंकोमाली’ ही सागवानी युद्धनौका बांधावयाची होती. तिचे नकाशे इंग्लंडहून ‘जावा’ नांवाच्या जहाजावरून निघाले. तें जहाज डिसेंबर १८१२ मध्यें ब्राझीलच्या किनाऱ्यानजीक अमेरिकन नौकेनें जिंकून जाळलें, व नकाशे त्याबरोबर गेले. (त्याच जहाजावर जनरल हिस्लॉप होता, हाच पुढें १८१७ मध्यें महिदपुरास होळकरांशीं लढला.) दुसरे नकाशे येईपर्यंत काम अडलें. अखेर ऑक्टोबर १८१७ मध्यें नौका पाण्यांत उतरली आणि ती इंग्लंडांतील हार्टलपूल येथें अद्याप तरंगत आहे. नकाशांची दुसरी प्रत नसती तर तीही आमच्या यादींत पडली असती.

उलट, कागदावरच्या नौकेनें खऱ्या नौकांस वाट दाखविल्याचें उदाहरणही आहे. फ्रेड जेन हा मुळांत चित्रकार. त्यानें १८९८ पासून जगांतील युद्धनौकांचें सचित्र वार्षिक काढलें. त्याच्या १९०३ च्या अंकांत कुनिबेर्ती ह्या इटालियन शिल्पज्ञानें एका आदर्श नौकेचें वर्णन दिलें: १७,००० टन, १२ इंची बारा तोफा, वेग २४ सागरी मैल. पुष्कळांस तें अशक्य वाटलें. १९०६ च्या फेब्रुवारींत दहा तोफांची ‘ड्रेडनॉट’ पाण्यांत उतरली.

ज्या विद्यार्थ्यांस हा उद्योग करून पाहावयाचा असेल त्यांनीं आरंभीं बांधलेल्या नौकेचें, नेल्सनचें, चित्र काढावें. तिचीं छायाचित्रें पुष्कळ मिळतात, म्हणून चूक लागलीच सांपडते. मग जी-३ घ्यावी. आमचें जुनें चित्र चित्रकलेच्या वर्गांत अजून आहे. डोलकाठी खरवडून काढतांना कागद थोडा फाटला, तेथें आतां तुटक रेघ आहे.