ऑनलाइन शेतकी व्याख्याने आणि पाड्यावरील श्रोतृमंडळे

शास्त्रीय शेतीचे ज्ञान शेतकऱ्यांपर्यंत पोचविण्याचे जे अनेक मार्ग आहेत, त्यांत जाहीर व्याख्यान व त्यामागून होणारी चर्चा हा मार्ग फार जुना व खात्रीचा आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यास १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली. वक्त्याने विषय मांडावा व श्रोत्यांनी त्यावर विचार करावा, हा परिपाठ महाराष्ट्रात अशा व्याख्यानमालांनी रुजविला. २०२० च्या मार्च महिन्यात साथीमुळे टाळेबंदी झाली, सभागृहांना कुलपे लागली, आणि मुंबईच्या मराठी विज्ञान परिषदेपासून कृषी विद्यापीठांपर्यंत अनेक संस्थांनी आपली व्याख्याने इंटरनेटवरून देण्यास प्रारंभ केला. साथ ओसरली तरी तो प्रघात पुष्कळ ठिकाणी कायम राहिला आहे. तेव्हा या नव्या साधनाचा आपल्या डोंगरी मुलुखास उपयोग कसा करून घ्यावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

जव्हारजवळील शिरपामाळ सर्वांच्या परिचयाचा आहे. १६६४ साली सुरतेच्या स्वारीस जाताना शिवाजी महाराज या माळावर थांबले, जव्हारचे राजे विक्रमशहा त्यांना येथे भेटले व त्यांनी महाराजांस शिरपेच अर्पण केला, म्हणून या माळास हे नाव पडले, असे परंपरेने सांगतात. त्या काळी दोन पक्षांचे बोलणे व्हावयाचे तर दोघांनी एका जागी येणे अवश्य होते. आज दापोलीस बसलेला तज्ज्ञ शिरपामाळाच्या परिसरातील पाड्यावर आपला आवाज व चित्र क्षणात पोचवू शकतो. हा लाभ लहान नव्हे. परंतु आमचे सांगणे असे की, इंटरनेटवरून केवळ व्याख्यान येते. चर्चा आपोआप येत नाही. ती ज्याच्या त्याच्या गावातच उभी करावी लागते.

पुण्याकडील १९५६ चा प्रयोग

वरील विधान आम्ही केवळ तर्काने करीत नाही. त्याची परीक्षा महाराष्ट्रात पूर्वीच झालेली आहे. कॅनडा देशात १९४१ साली शेतकऱ्यांसाठी रेडिओवर चर्चामंडळांचा उपक्रम सुरू झाला. शेजारीपाजारी एका घरी जमून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत व आपली मते लिहून कळवीत. वाचा, ऐका, चर्चा करा व कृती करा, हे त्या मंडळांचे ब्रीद होते. याच धर्तीवर युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीने १९५६ साली पुणे केंद्रावरून एक प्रयोग केला. त्यासाठी पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील १५० गावे निवडण्यात आली. आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, असे एकूण २० कार्यक्रम झाले. प्रत्येक गावी सुमारे १५ ते २० जणांचे मंडळ रेडिओभोवती जमे, कार्यक्रम ऐके, नंतर त्यावर बोले, आणि आपल्या शंका केंद्राकडे पाठवी. त्या शंकांची उत्तरे पुढील कार्यक्रमांतून मिळत.

या प्रयोगाची तपासणी मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने केली. तिचा वृत्तांत जगदीशचंद्र माथुर व पॉल न्यूराथ यांच्या नावे युनेस्कोने १९५९ साली प्रसिद्ध केला. तपासनिसांनी तुलनेसाठी आणखी दोन प्रकारची गावे घेतली होती. काहींत रेडिओ होता पण मंडळ नव्हते. काहींत रेडिओही नव्हता. मंडळ असलेल्या गावांतील लोकांचे ज्ञान त्या थोड्या आठवड्यांत ठळकपणे वाढलेले दिसले. रेडिओ होता पण मंडळ नव्हते, त्या गावांत मात्र वाढ नगण्य होती. यंत्र तेच, कार्यक्रम तेच. फरक होता तो एकत्र बसून बोलण्याचा. पुढे १९५९ साली ही योजना देशभर नेण्यात आली.

यावरून आपल्या आजच्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी मिळते. घरोघरी मोबाईल झाले म्हणजे घरोघरी ज्ञान झाले, असे समजणे चुकीचे होय. एकटा मनुष्य मोबाईलवर व्याख्यान ऐकतो, अर्धे समजते, अर्धे निसटते, आणि शंका विचारण्यास तो संकोचतो. तेच व्याख्यान दहा शेजाऱ्यांनी मिळून ऐकले, तर एकाचे निसटलेले दुसरा सांगतो, आणि जी शंका एकट्यास क्षुल्लक वाटते ती पाचांची आहे असे कळून येते.

पडद्यावर काय शिकता येते व काय येत नाही

प्रत्येक विषय ऑनलाइन व्याख्यानास सारखाच योग्य नसतो. दोन उदाहरणे घेऊ.

पहिले उदाहरण भाताच्या बियाण्यास मिठाच्या पाण्याची प्रक्रिया करण्याचे. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवावे, त्यात बियाणे ओतून ढवळावे, वर तरंगणारे पोचट दाणे काढून टाकावेत, तळाशी बसलेले जड दाणे घेऊन स्वच्छ पाण्याने दोन वेळा धुवावेत व सावलीत वाळवावेत. ही कृती चित्रात पाहून कोणासही करता येते. यासाठी वक्त्याने डोंगर चढून येण्याचे कारण नाही.

दुसरे उदाहरण डॉ. नारायण सावंत यांनी प्रसृत केलेल्या चारसूत्री भात लागवडीचे. पिकाच्या अवशेषांचा फेरवापर, गिरिपुष्पाच्या पाल्याचे खत, नियंत्रित लावणी व खताच्या गोळ्या खोचणे, ही ती चार सूत्रे. यांतील लावणीचे अंतर, म्हणजे आलटून पालटून १५ व २५ सेंटिमीटर, हे आकृतीवरून उत्तम समजते. पण चार चुडांच्या चौकोनात मधोमध युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचावयाची, ती खोली हातास कळली पाहिजे. चिखलात हात घातल्याशिवाय ती कळत नाही. गोळी वर राहिली तर खत पाण्याबरोबर जाते व खर्च फुकट होतो. म्हणून ज्या कृतीत हाताचा अंदाज लागतो, तिचे व्याख्यान ऑनलाइन ऐकावे, परंतु प्रात्यक्षिक शेतातच व्हावे. ते पाहून आलेला एखादा जाणता शेतकरी पाड्यावर असला तरी पुरे.

आपल्या मुलुखाच्या अडचणी

जव्हार-मोखाड्याची परिस्थिती पठारावरील सपाट गावांसारखी नाही. पाडे विखुरलेले आहेत. उंच माळावर मोबाईलला रेंज मिळते व तोच माणूस खोऱ्यात उतरला की तुटते. पावसाळ्यात विजेचा भरवसा नसतो. शिवाय पुस्तकी मराठी व वारली, कोकणा, कातकरी मंडळींची बोली यांत अंतर आहे. वक्त्याचे शब्द कानी पडूनही अर्थ पोचत नाही असे होते.

याहून मोठी अडचण स्थलांतराची आहे. भात व नागलीची कापणी-झोडणी आटोपली, दिवाळी झाली, की अनेक कुटुंबे भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर अथवा अन्य मजुरीस जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. हिवाळ्यात ठेवलेली व्याख्यानमाला कितीही उत्तम असली, तरी ज्यांच्यासाठी ती आहे ते गावी नसतात. येथे नव्या साधनाचा खरा उपयोग आहे. रेकॉर्ड केलेले व्याख्यान भट्टीवरही ऐकता येते व मे महिन्यात गावी परतल्यावर पुन्हा लावता येते.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. मोबाईल बहुधा घरातील पुरुषाच्या खिशात असतो. आवणी, निंदणी व बियाणे राखणे ही कामे मात्र मोठ्या प्रमाणात स्त्रियाच करतात. ज्ञान एका हाती व काम दुसऱ्या हाती, अशी फारकत झाली तर व्याख्यानाचा शेतास काय लाभ?

मंडळ कसे चालवावे

वरील सर्व गोष्टी ध्यानी घेऊन आम्ही पुढील योजना सुचवितो.

१. प्रत्येक पाड्यावर १५ ते २० जणांचे मंडळ असावे. त्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात व ज्यांच्याकडे मोबाईल नाही अशांना आधी बोलवावे.

२. मंडळास एक चालक व एक लेखक असावा. चालकाने व्याख्यान मध्ये मध्ये थांबवून पाड्याच्या बोलीत अर्थ सांगावा. लेखकाने प्रश्न वहीत उतरावेत.

३. शाळेच्या पडवीत अथवा समाजमंदिरात एकच मोबाईल व एक लहान स्पीकर ठेवावा. रेंज नसल्यास उंचावर अथवा जव्हारच्या बाजारी जाऊन व्याख्यान आधीच उतरवून आणावे.

४. व्याख्यान अर्ध्या तासाहून मोठे नसावे. जितका वेळ ऐकण्यास, निदान तितकाच बोलण्यास द्यावा.

५. रोगट पान अथवा किडलेला दाणा असल्यास दिवसाच्या उजेडात, पानाच्या दोन्ही बाजूंचे स्पष्ट छायाचित्र काढून प्रश्नाबरोबर पाठवावे. पेरणीची तारीख, जमिनीचा प्रकार व दिलेले खत हेही लिहावे. याविना दिलेले उत्तर अंदाजाचे ठरते.

६. प्रश्न डहाणू तालुक्यातील कोसबाड टेकडीवरील कृषी विज्ञान केंद्राकडे किंवा कृषी सहायकाकडे पाठवावेत. तातडीच्या शंकेसाठी २००४ साली सुरू झालेले किसान कॉल सेंटर आहे. १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर मराठीतही व विनाशुल्क बोलता येते.

७. आलेले उत्तर पुढील बैठकीत सर्वांसमक्ष वाचावे. ज्या प्रश्नास उत्तर येत नाही, त्याची नोंद वहीत तशीच राहू द्यावी व तो पुन्हा पाठवावा.

मतभेदाचे विषय

काही विषयांत वक्त्याचे म्हणणे शेतकऱ्यास पटत नाही. राब हा असाच विषय होय. झाडांच्या फांद्या, पाला, शेण व पेंढा पसरून जाळल्याने झाडे बोडकी होतात व कुजून खत होणारा पाला वाया जातो, असे तज्ज्ञ सांगतात व गादीवाफ्यावर रोपे करण्याचा सल्ला देतात. उलट शेतकरी म्हणतो की राबाच्या आचेने तणाचे बी मरते, राखेने रोप जोरदार येते, आणि गादीवाफ्यात निंदणीस लागणारे मनुष्यबळ ऐन पावसात आणावे कोठून? दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. सभेत समोरासमोर असा वाद निघाला तर वक्त्यास उत्तर देणे भाग पडते. पडद्यावर मात्र शेतकरी मुकाट्याने मोबाईल बंद करतो, आणि वक्त्यास वाटते की त्याचे म्हणणे सर्वांस मान्य झाले. अशा मौनापासून दोघांचेही नुकसान आहे.

यास उपाय प्रयोगाचा. मंडळातील एका शेतकऱ्याने अर्धी रोपवाटिका राबावर व अर्धी गादीवाफ्यावर करावी. बियाणे एकच, पेरणीचा दिवस एकच. तीन आठवड्यांनी दोन्हींतील सारख्या मापाच्या तुकड्यात रोपे व तण मोजावे, निंदणीस किती माणसे लागली ते लिहावे, आणि तो हिशेब वक्त्याकडे पाठवावा. असे झाले म्हणजे पाड्यावरील शेतकरी केवळ श्रोता राहत नाही. शास्त्राच्या कामात तो भागीदार होतो. इंटरनेटचा मार्ग दुहेरी आहे, आणि त्याचा परतीचा भाग आजवर ओसाड पडला आहे.

चर्चेसाठी प्रश्न

मंडळांनी पहिल्या बैठकीत पुढील प्रश्नांचा विचार करावा. आपल्या पाड्यावर कोणत्या महिन्यांत बहुतेक कुटुंबे घरी असतात? गेल्या हंगामात कोणत्या शंकेचे उत्तर न मिळाल्याने नुकसान झाले? आवणी करणाऱ्या स्त्रियांस कोणती वेळ सोयीची? राबाचा प्रयोग कोण करील? या चार प्रश्नांची उत्तरे वहीत लिहिली गेली की पहिल्या व्याख्यानाचा विषय व दिवस मंडळास सहज ठरविता येईल. मृगाच्या पावसापूर्वी ही पहिली बैठक व्हावी, अशी सर्व सभासदांस आमची आग्रहाची विनंती आहे.