चार सुती बोल्ट

घोडनदीच्या काठी वसलेल्या शिरूर गावी एका मिस्त्रींच्या कारखान्यात दौंडचा एक मुलगा काम शिकत असे. एके दिवशी एक शेतकरी पाणी उपसण्याचे जुने इंजिन टेम्पोत घालून तेथे आला. भलताच पाना वापरल्यामुळे इंजिनाच्या एका बोल्टाचे डोके झिजून गोल झाले होते. मिस्त्रींनी तो बोल्ट मोठ्या युक्तीने काढला. मुलाने पेटीतून तेवढ्याच जाडीचा दिसणारा १२ मिलिमीटरचा नवा बोल्ट घेतला व छिद्रात फिरविला. दोन फेरे झाले आणि बोल्ट अडला. मुलगा पान्याने जोर लावणार, तोच मिस्त्री म्हणाले, "थांब बाळ! जोर केलास तर आतले आटे मोडतील. मग यांच्या उसाला पाणी कोण देणार?"

जुना बोल्ट चार सुती होता. कारागिरांच्या बोलीत सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तेव्हा चार सूत म्हणजे अर्धा इंच. इंच म्हणजे बरोबर २५.४ मिलिमीटर, म्हणून तो बोल्ट १२.७ मिलिमीटरचा झाला. परंतु खरा भेद जाडीत नव्हे, आट्यांत होता. इंग्लंडमधील जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये आट्यांची ठराविक मापे सुचविली. त्यांप्रमाणे अर्ध्या इंची बोल्टावर एका इंचात १२ आटे असतात. दोन आट्यांतील अंतर सुमारे २.१२ मिलिमीटर भरते. नव्या बोल्टावर ते १.७५ मिलिमीटर होते. असे आटे परस्परांत बसावेत कसे?

भारतात दशमान वजनमापांचा कायदा १९५६ मध्ये झाला व १९५८ पासून ती मापे टप्प्याटप्प्याने चालू झाली. रांजणगावच्या नव्या कारखान्यांत सर्व हिशेब मिलिमीटरचा. कायदा बदलला, तरी शेतावरचे जुने इंजिन थोडेच बदलते!

सुटीत मुलगा दौंडला घरी गेला. तेथे एका भंगाराच्या दुकानात त्याला हवा तसा बोल्ट मिळाला. आजोबा रेल्वेत नोकरीला होते. त्यांनी सांगितले, "आपल्या रुळांतले अंतर १,६७६ मिलिमीटर." मुलाने २५.४ ने भागून पाहिले; उत्तर जवळजवळ ६६ इंच आले.

"आबा, हे तर साडेपाच फूट!"

"होय. आणि बारामतीच्या जुन्या छोट्या गाडीचे ७६२ मिलिमीटर. करून बघ."

ते बरोबर ३० इंच, म्हणजे अडीच फूट भरले.

परत आल्यावर मुलाने तो बोल्ट इंजिनात घातला. शेवटच्या आट्यापर्यंत तो नुसत्या बोटांनी फिरला. पाना केवळ आवळण्यापुरता लागला.