दांडा किती फुटांचा, ते मोजून घ्या

लांब दांड्याच्या करवतीच्या खोक्यावर छापलेले अठरा फूट ही दांड्याची लांबी नव्हे. हे मला कुणी सांगितलं नाही, म्हणून मी सांगतो.

आमच्या नंदगडात पाऊस सुरू व्हायच्या आत कौलांवर आलेल्या फांद्या उतरवाव्याच लागतात. चढणारी माणसं आता मिळत नाहीत. परसातल्या फणसासाठी मी बेळगावातल्या एका दुकानातून लांब दांड्याची करवत आणली. दुकानदाराला सरळ विचारलं होतं, "फांदी अठरा फुटांवर आहे, पोचेल का?" त्याने खोक्यावर बोट ठेवलं. "अठरा फूट लिहिलंय की ओ, बघा."

घरी सगळ्या नळ्या बाहेर ओढल्या, तरी पातं फांदीच्या खालीच. टेप लावली. दांडा भरला बारा फूट. उरलेले सहा फूट कंपनीने वापरणाऱ्याच्या उंचीचे धरले होते! अहो, मूठ छातीशी धरल्याशिवाय करवत ओढता येते का? शेवटी त्याहून खालची फांदी धरली. पातं रुतलं, सोडवायला दांडा वर रेटला, तसा प्लास्टिकचा खटका सुटला. खालची नळी सर्रकन वर सरकली आणि माझी बोटं चेमटली. नख काळंनिळं झालं.

दुसऱ्या दिवशी दुकान गाठलं. खोकं उघडूनही न बघता तो म्हणाला, "वापरलेला माल परत नाही ओ. तुम्हाला ओढायची रीत कळली नसेल." लहानपणापासून आकडीने आंबे काढणाऱ्या माणसाला हा रीत सांगणार! टेप पुढे केली तर मोबाईलमध्ये डोकं घातलं. घेताना कच्ची चिठ्ठी देत होता, ती नाकारून मी पक्कं बिल घेतलं होतं. ते दाखवून ग्राहक हेल्पलाइन 1915 चं नाव काढलं, तेव्हा कुठे खटका बदलून मिळाला. पैसे नाहीच.

तेव्हा करवत दुकानातच पूर्ण लांब करा, रस्त्यावर उभं राहावं लागलं तरी चालेल. शेंडा किती डुलतो ते बघा. डुलणारं पातं फांदीवर एका जागी टिकत नाही. खटके लावून दांडा जमिनीवर उभा दाबा, सरकला तर घेऊ नका. पातं वाकडं आणि ओढताना कापणारं हवं. बहुतेक पात्यांचे दात कडक केलेले असतात, कानस चालत नाही. म्हणून सुटं पातं मिळतं का, केवढ्याला, हे आधीच विचारा. बॅटरीवरची साखळीची करवत झटपट कापते, पण सगळं वजन शेंड्याला. हात वर धरून पाच मिनिटं उभे राहा, मग ठरवा. चांगल्या कंपनीचं घ्या, हे काय सांगायला हवं!

जाड फांदी आधी खालून थोडी चिरा, मग वरून कापा, नाहीतर खोडाची साल सोलत खाली येते. फांदीच्या बरोबर खाली उभे राहू नका. फणसाचा चीक पात्याला धरतो, खोबरेल चोळलं की सुटतो. काप उघडा ठेवू नका. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी या मापाची बोर्डो पेस्ट लावा.

आणि ज्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे ते. दांडा ॲल्युमिनियमचा होता, आणि झाडाजवळून वायर गेली आहे का, हे त्या माणसाने एका शब्दाने विचारलं नाही. ॲल्युमिनियममधून वीज सरळ हातात उतरते. फायबरचा दांडा बरा, पण तोही ओला किंवा मळलेला असला तर भरवशाचा नाही. तार दहा फुटांच्या आत असेल तर करवत उचलूच नका. आधी लाइनमनला बोलवा, लाइट बंद करून घ्या, आणि तो समोर उभा असतानाच फांदी उतरवा.