चुंबकीय प्रतिकर्षण : बलाचे गणित आणि तरंगण्याची अट

दिल्लीतील सरोजिनी नगर मेट्रो स्थानक ६ ऑगस्ट २०१८ रोजी प्रवाशांसाठी खुले झाले. पिंक लाइनवरील या भुयारी स्थानकात येणारी गाडी आपले सर्व वजन पोलादी चाकांमार्फत रुळांवर टाकते. तेच वजन चुंबकांच्या प्रतिकर्षणावर पेलता येईल काय? या प्रश्नाचे उत्तर लिहिताना विद्यार्थी बहुधा बलापाशीच थांबतात. खरी अडचण त्यापुढे आहे.

प्रथम बल पाहू. २० मिलिमीटर व्यासाच्या आणि ५ मिलिमीटर जाडीच्या दोन निओडिमियम चकत्या एकाच अक्षावर, सजातीय ध्रुव समोरासमोर येतील अशा धरल्या. अवशिष्ट चुंबकन १.२ टेस्ला मानल्यास प्रत्येकीचे चुंबकीय परिबल सुमारे १.५ अँपिअर-चौरस मीटर येते. येथे व्यस्त वर्गाचा नियम लावणे ही नेहमीची चूक होय. तो नियम एकेकट्या ध्रुवांचा आहे. प्रत्येक चकतीला दोन ध्रुव असल्याने त्यांचे परिणाम दुरून जवळजवळ एकमेकांना छेदतात आणि बल अंतराच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात राहते :

बल (न्यूटन) = ६ × १०⁻⁷ × (परिबल)² ÷ (अंतर)⁴

अंतर चकत्यांच्या मध्यापासून मीटरमध्ये मोजावे. एका चकतीचे वस्तुमान सुमारे १२ ग्रॅम, म्हणजे वजन ०.१२ न्यूटन. हे वजन पेलणारे अंतर ५.८ सेंटिमीटर निघते. वजन दुप्पट केले तरी ते ४.९ सेंटिमीटरपर्यंतच घटते. चौथ्या घाताचा हा फायदा. मात्र हेच सूत्र १ सेंटिमीटरला लावले तर १३५ न्यूटन येतात आणि प्रत्यक्ष बल याहून पुष्कळ कमी भरते. अंतर चकतीच्या व्यासाच्या मानाने मोठे असेल तेथेच हे प्रतिमान विश्वासार्ह आहे. त्याहून जवळ दोन्ही पृष्ठभागांचे लहान भाग पाडून संगणकावर बेरीज करावी लागते.

आता ती अडचण. सॅम्युएल अर्नशॉ यांनी १८४२ मध्ये सिद्ध केलेल्या प्रमेयानुसार केवळ स्थिर, कायम चुंबकांच्या बळावर स्थिर समतोल मिळू शकत नाही. वरील चकती उभ्या दिशेत स्थिर असते. ती खाली दाबली तर वर येते. परंतु बाजूला किंचित सरकताच ती आणखी सरकत जाते, शिवाय उलटून चिकटते. कडीच्या आकाराचे चुंबक पेन्सिलीत ओवून केलेला शालेय प्रयोग यशस्वी होतो तो पेन्सिलीमुळे.

रेल्वे अभियंत्यांनी यातून दोन वाटा काढल्या. शांघायमध्ये २००४ पासून नियमित सेवा देणारी गाडी प्रतिकर्षणावर नव्हे, तर आकर्षणावर तरंगते. सुमारे १० मिलिमीटरची फट राखण्यासाठी विद्युतचुंबकांचा प्रवाह सतत नियंत्रित होतो. परीक्षेत हा भेद हमखास निसटतो. जपानच्या गाडीतील अतिसंवाहक चुंबक धावताना मार्गालगतच्या वेटोळ्यांत प्रवाह प्रवर्तित करतात; त्यांच्या प्रतिकर्षणाने व आकर्षणाने गाडी उचलली जाते. चुंबकीय क्षेत्र गतीबरोबर बदलत असल्याने अर्नशॉंची अट येथे लागू होत नाही. २१ एप्रिल २०१५ रोजी या गाडीने ताशी ६०३ किलोमीटर वेग गाठला.

मात्र वेग कमी असताना प्रवर्तित प्रवाह अपुरा पडतो आणि ताशी सुमारे १५० किलोमीटरपर्यंत ही गाडी रबरी चाकांवर धावते. भिकाजी कामा प्लेस, सरोजिनी नगर, दिल्ली हाट–आयएनए अशी जवळजवळची स्थानके घेणारी मेट्रो ताशी शंभराच्या आतच राहते. जपानी पद्धतीची गाडी येथे आणली तर ती चाकांवरून उचललीच जाणार नाही.