घरी जाऊन रुग्णसेवा : आधी हुन्नर, मग पगार

कापडाच्या दुकानात नवा पोऱ्या आला की पहिल्या दिवशी त्याच्या हाती कोणी कात्री देत नाही. आधी गठ्ठे उचलणे, मग घड्या घालणे, मग मोजणे आणि सर्वांत शेवटी कापणे. चुकीचे कापलेले कापड पुन्हा अखंड होत नाही, हे प्रत्येक मालक जाणतो. पण घरातले वडीलधारे माणूस अंथरुणाला खिळले की आपण व्यापारी लोक हा नियम विसरतो. ‘एखादी बाई पाहा, दोन वेळ जेवू घालील,’ एवढ्या बोलीवर जिवंत माणूस नवख्या हाती सोपवतो.

ही चूक आमच्याकडूनही झाली. आमच्या वालिदांचे खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशननंतर त्यांना नृसिंहवाडीस घरी आणले व ओळखीतली, दहावी झालेली एक मुलगी सोबतीला ठेवली. मुलगी प्रेमळ, कामाला चोख. पण पडून असलेल्या माणसाची कूस वेळोवेळी बदलावी लागते हे तिला कोणी शिकवले नव्हते व आम्हीही विचारले नव्हते. तीन आठवड्यांत माकडहाडापाशी जखम झाली. आम्ही तिलाच बोललो. ती रडत गेली आणि पुन्हा त्या कामाला उभी राहिली नाही. जखम यथावकाश भरली. पण आमच्या अडाणीपणापायी एका होतकरू मुलीचा रोजगार बुडाला, ही टोचणी कायम आहे.

कामाला तोटा नाही

२०११ च्या जनगणनेत देशात साठी ओलांडलेले १० कोटी ३८ लाख लोक होते. आपल्याजवळ मिरज आहे. तेथे १८९४ साली मिशन हॉस्पिटल व १९६२ साली सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झाले. शिरोळ तालुक्यातील व सीमेपलीकडील रुग्ण उपचारासाठी तिकडे जातात. ऑपरेशन इस्पितळात होते, पण पुढचे महिने घरीच काढावे लागतात. घरचे कर्ते लोक माग, दुकान, शेत यांत गुंतलेले. तेव्हा जाणत्या हाताची गरज पडते.

काय शिकावे?

नर्सिंगचा एएनएम अभ्यासक्रम दोन वर्षांचा व जीएनएम तीन वर्षांचा असतो. घरी सेवा देणारा मदतनीस म्हणजे नर्स नव्हे. इंजेक्शन, सलाईन किंवा लघवीची नळी घालणे हे त्याचे काम नाही. ‘हे मला करता येणार नाही’ असे सांगता येणे हाही या हुन्नराचा भाग आहे. बाकी मुख्य धडे असे :

१) साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी. टाच, खुबा, माकडहाड रोज पाहावे. लाल डाग दाबूनही फिका पडत नसेल तर तो चोळू नये, डॉक्टरांना कळवावे.

२) चादर सुती व मऊ असावी. तिला सुरकुती राहू देऊ नये. रुग्ण सरकवताना ओढू नये. खांद्यापासून मांडीपर्यंत घडीची चादर घालून दोघांनी तिच्यासकट उचलावे. गुडघे वाकवून उचलल्यास स्वतःची कंबरही वाचते.

३) बसवून भरवावे, गुंगीत असताना मुळीच नाही. जेवणानंतर अर्धा तास आडवे करू नये.

४) दुकानात जसा रोजमेळ, तशी उशाशी वही ठेवावी : औषधाची वेळ, खाणे, लघवी, ताप. वहीत नोंद नसेल तर औषध दिले की नाही यावरून घरात वाद होतो.

५) तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोबडी वळणे यांपैकी काहीही अचानक दिसले तर वेळ न घालवता १०८ ला फोन करावा.

आपल्या भागासाठी सहावा धडा पुराचा. २००५, २०१९ व २०२१ च्या पुरांनी वाडीला व कृष्णा-पंचगंगेकाठच्या गावांना घरे सोडायला लावली. पावसाळा लागताच औषधांची पिशवी, डॉक्टरांची चिठ्ठी व रुग्णाला उचलून नेण्याची तजवीज तयार हवी. पाणी दारात आल्यावर शोधाशोध करून भागत नाही.

हे शिकवण्यासाठी कौशल्य विकास योजनेखाली ‘जनरल ड्युटी असिस्टंट’ व ‘होम हेल्थ एड’ असे अभ्यासक्रम आले. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना २०१५ साली सुरू झाली. कोरोनात, जून २०२१ मध्ये, केंद्राने एक लाखाहून अधिक लोकांना सहा प्रकारच्या कामांचे तातडीचे शिक्षण देण्याचे ठरवले; त्यात घरच्या रुग्णसेवेचा विषय होता. मात्र नाव घालण्यापूर्वी संस्थेला दोन प्रश्न विचारावेत : प्रमाणपत्र कोणाचे, आणि इस्पितळात प्रत्यक्ष काम किती दिवस? नुसत्या फळ्यावर हा हुन्नर येत नाही.

शिकल्यावर पाठीशी कोण?

नवखा माणूस धंदा सोडतो तो बहुधा पहिल्या काही महिन्यांत. म्हणून सुरुवातीला अनुभवी बाईबरोबर जोडीने काम द्यावे व अडचणीत फोन करायला एक जाणते माणूस असावे. कामाचे तास, रात्रपाळी, आठवड्याची सुट्टी, पगाराची तारीख व परतीच्या एस.टी.ची वेळ कागदावर लिहून घ्यावी. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यात घर हेही कामाचे ठिकाण धरले आहे व जिल्हा पातळीवर तक्रार समितीची तरतूद आहे. प्रत्येक मुलीला हे पहिल्याच दिवशी सांगावे.

‘दुसऱ्यांच्या घरी आमची मुलगी कशी चालेल?’ असे काही पालक विचारतात. विजापूरच्या आदिलशहाच्या मुलीची गेलेली दृष्टी याच वाडीत परत आली व त्याने औरवाड, गौरवाड ही गावे देवस्थानाला इनाम दिली, असे येथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. आजाऱ्याच्या घरी आधी हात किती जाणता हे पाहिले जाते. स्त्री रुग्णाचेच काम घेण्याची अट मुलीने सुरुवातीलाच घालावी, त्यात गैर काही नाही.

व्यापारी बंधूंना विनंती आहे. बाजारपेठेतील पाच-सहा दुकानदार मिळून एका मुलीचा किंवा मुलाचा शिकण्याचा व ये-जा करण्याचा खर्च सहज उचलू शकतात. आम्ही आमच्या दुकानातून एकीचा उचलणार आहोत. त्या पहिल्या मुलीकडेही निरोप धाडला आहे. ती आली, तर पहिली जागा तिची.